वीस शेळ्या, एक बोकड: हिशेब कुठे बसतो आणि कुठे फसतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: सिन्नरच्या पूर्व पट्ट्यात दोन एकर जमीन, विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी, हाताशी तीन लाख रुपये. त्यात २० शेळ्या आणि १ बोकड घेऊन बंदिस्त पालन सुरू करायचं आहे. जात कोणती, शेड केवढं, बकरी ईदला माल काढता येईल का, आणि सोबत १० मेंढ्या ठेवल्या तर लोकरीचं उत्पन्न किती धरायचं?

तुम्ही सुरुवात जातीपासून केली आहे. मी करडांपासून करतो, कारण विकायला येतं ते करडू. शेळी ५ महिने (साधारण १५० दिवस) गाभण राहते. तीन महिने करडं पाजून पुन्हा फळली तर ८ महिन्यांना एक वेत, म्हणजे दोन वर्षांत तीन वेतं. २० पैकी १८ शेळ्या नीट फळल्या आणि वेताला सरासरी दीड करडू धरलं, तर वर्षाला ४० करडं जन्मतात. त्यातली ३० टक्के मेली तर हातात २८ राहतात, ८ टक्के मेली तर ३७. खुराक, मजुरी, औषधं दोन्हीकडे जवळपास तेवढीच. मधली ही ९ करडं म्हणजेच तुमचा नफा. शेडला रंग कुठला आणि बोकड किती हजारांचा, यावर तो ठरत नाही.

म्हणून जात निवडताना जुळ्यांचं प्रमाण आणि इथल्या हवेत टिकणं पाहायचं. सिन्नर, संगमनेर, येवला भागाची आपली जात संगमनेरी. दुसरी उस्मानाबादी: काळीभोर, जुळी चांगली देते, कडक उन्हात आणि कमी चाऱ्यातही तग धरते. या दोन्हींपैकी कोणतीही घ्या. सिरोही, बीटल, जमनापारी दिसायला उंच आणि वजनदार असतात, पण एवढं मोठं शरीर पोसायला चाराही तेवढाच लागतो आणि पहिल्या कळपावर तो प्रयोग करू नये. बोअरचा शौक असेल तर दोन वर्षांनी, करडं वाचवायचा हात बसल्यावर, संकर करून बघा. बोकड मात्र जुळ्यातला घ्या. त्याची आई दुधाला चांगली होती का, हे विचारा. तो दोन वर्षांनी बदलायचा, नाहीतर स्वतःच्याच पाठींवर (मादी करडांवर) चढतो आणि पुढच्या पिढीत करडं कमी वजनाची, कमकुवत निघायला लागतात. २० ते २५ शेळ्यांना एक बोकड पुरतो.

खरेदी आठवडी बाजारातून करू नका, निदान पहिली तरी. घोटी, मालेगाव किंवा लोणीच्या बाजारात चांगला माल येत नाही असं नाही, पण शंभर गावांची जनावरं एका जागी आली की पीपीआर (शेळ्यांचा प्लेग), मावा (तोंडावर फोड आणणारा रोग) आणि खरूज सोबत येतात. शिवाय कळपातून काढून टाकलेली शेळी बाजारातच येते. तीन-चार मेंढपाळ किंवा शेळीवाल्यांच्या गोठ्यावर जा आणि दोन ते चार दाती शेळ्या घ्या. दोन दाती म्हणजे साधारण सव्वा ते दीड वर्षाची, चार दाती दोन वर्षांच्या आसपास. कास हाताने चाचपा: दोन्ही सड चालू हवेत आणि आत गाठ लागता कामा नये. कासदाह होऊन गेलेली शेळी वरून छान दिसते, व्यायल्यावर मात्र एका बाजूने दूध देत नाही आणि जुळ्यातलं एक करडू उपाशी मरतं. खालची पापणी ओढून आतला रंग पाहा. लालसर गुलाबी असेल तर ठीक, पांढरट असेल तर पोटात जंत भरपूर. घरी आणलेली जनावरं २१ दिवस वेगळ्या जागी ठेवायची, त्यांचं पाणीही वेगळं.

आता शेड. तीन लाखांतले दोन लाख शेडमध्ये घालून बसलेले खूप लोक भेटतात, मग शेळ्या उधारीवर आणि चारा देवाच्या भरवशावर. मोठ्या शेळीला १२ चौरस फूट छताखाली पुरतं, बोकडाला वेगळ्या कप्प्यात २०, करडाला ४. २० शेळ्या, एक बोकड आणि एका वेळी ३० करडं धरली तर ३८० चौरस फूट होतात. १२ फूट रुंद, ३४ फूट लांब छप्पर घ्या आणि बाहेर त्याच्या दुप्पट मोकळी जागा जाळीने बंद करा. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, मधली उंची १० फूट, बाजूला ७ फूट. जमीन मुरमाची, चोपून पक्की केलेली. सिमेंटचा कोबा मुताने ओला राहतो, खूर मऊ पडतात आणि करडांना खाली गारवा लागतो. वरचा ५-६ इंच मुरूम वर्षातून एकदा काढून नवा टाकायचा. काढलेला मुरूम लेंडीसकट शेतात जातो, तो फुकट जात नाही. जमिनीपासून उंच लाकडी फळ्यांच्या माचाणाचा खर्च इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्याकडे करावा लागतो, कारण तिथला पाऊस तसा आहे. सिन्नरच्या पूर्वेला त्याची गरज नाही.

एका गोष्टीत मात्र कंजुषी नको. उसाच्या पट्ट्याजवळ असाल तर बिबट्या येतो. कुंपण सहा फुटांचं असलं तरी तो वरून उतरतो, म्हणून रात्रीचा कप्पा वरूनही जाळीने बंद हवा. हल्ला झालाच तर मेलेलं जनावर हलवू नका. आधी वन विभागाला कळवा आणि पंचनामा होऊ द्या, नाहीतर भरपाईचा दावा लटकतो.

चाऱ्याचं गणित जनावरं आणण्यापूर्वी कागदावर करा. शेळीला रोज वजनाच्या ४ टक्के कोरडा भाग (चाऱ्यातलं पाणी वगळून उरतो तो) लागतो. ३५ किलोची शेळी धरली तर १.४ किलो. २० शेळ्यांना २८ किलो, वाढत्या करडांना १० किलो, म्हणजे कळपाला रोज ३८ किलो कोरडा भाग. हिरव्या चाऱ्यात कोरडा भाग २० ते २५ टक्केच असतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रोज ९० ते १०० किलो हिरवा चारा, १२ ते १५ किलो कोरडा आणि ५ किलो खुराक असा मेळ बसतो.

तुमच्या विहिरीला फेब्रुवारीनंतर पाणी नाही. त्यामुळे नेपियर आणि लसूणघासावर सगळी मदार ठेवली तर एप्रिलमध्ये कडब्याच्या भावाने शेळ्या विकाव्या लागतील. लसूणघास (आरएल-८८) पाचच गुंठे करा, संकरित नेपियर (फुले जयवंत) दहा गुंठे. पण बांधावर आणि कुंपणाच्या कडेने शेवरी, सुबाभूळ, हदगा दाट लावा. मूळ खोल गेलं की ती झाडं मे महिन्यातही पाला देतात. सुबाभळीत मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, म्हणून एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, नाहीतर केस गळतात आणि गाभण राहण्याचं प्रमाण घसरतं. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत ११० दिवसांची तजवीज मुरघासाने (हवाबंद करून मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याने) करायची. दिवसाला ४० किलो म्हणजे साडेचार टन. आफ्रिकन टॉल मका १० ते १२ गुंठ्यांत तेवढा निघतो. दाणा दुधातून चिकात जात असताना कापा, पाऊण-एक इंचाची कुट्टी करा, बॅगेत थराथराने तुडवून हवा काढा आणि ४५ दिवस उघडू नका. उघडल्यावर वरचा बुरशी धरलेला थर फेकून द्या. तो खाऊ घातला की लिस्टेरिया जंतूंचा आजार होतो: शेळी एका बाजूला मान टाकून गोल फिरायला लागते. पिण्याच्या पाण्याचाही विचार करा, उन्हाळ्यात या कळपाला रोज १५० ते २०० लिटर लागतात.

हरभऱ्याचा, तुरीचा, सोयाबीनचा भुसा तुमच्या भागात स्वस्त मिळतो, तो हंगामात भरून ठेवा. लसूणघास पहाटेचं दंव असताना, रिकाम्या पोटी देऊ नका. आधी भुसा, मग घास. तरीही पोट फुगलं तर ५० ते १०० मिली गोडेतेल पाजायचं, तोंड फार वर न करता, थांबत थांबत. घाईने पाजलेलं तेल फुप्फुसात जातं आणि फुगीतून वाचलेली शेळी न्यूमोनियाने मरते.

नाशिक जिल्ह्यात फुकट मिळणाऱ्या चाऱ्याबद्दल वेगळं सांगावं लागेल. एप्रिलच्या खरड छाटणीचा आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीचा द्राक्षपाला ट्रॉलीने मिळतो आणि शेळ्या तो आवडीने खातात. पण त्यावर शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली, हे बागवाल्याला विचारल्याशिवाय गव्हाणीत टाकू नका. बोर्डो मिश्रणातलं (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकातलं) तांबं पानावर राहतं. शेळी थोडंफार सहन करते, मेंढी करत नाही. चाळीतला खराब कांदाही तसाच: थोडा चालतो, पण दिवसचे दिवस टोपली भरून दिला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी तांबूस-तपकिरी होते. कोवळी ज्वारी, विशेषतः पावसाने ताण दिल्यावर फुटलेले खोडव्याचे फुटवे, यांत सायनाइड तयार होतं आणि जनावर तासाभरात जातं. आणि लग्नसराईत उरलेला भात, पोळ्या, बुंदी कोणी आणून दिली तर गोड बोलून परत पाठवा. सवय नसताना एवढं पिष्ट पोटात गेलं की आम्ल वाढतं, शेळी दात खाते, पोट पाण्याच्या पिशवीसारखं डुचमळतं आणि पातळ हगवण लागते. तेव्हा २० ग्रॅम खाण्याचा सोडा पाण्यातून पाजून लगेच डॉक्टरांना बोलवा.

घरचा खुराक १०० किलोला असा: मका भरडा ३५, सरकी पेंड २५, गव्हाचा कोंडा २०, तूर किंवा हरभरा चुनी १७, खनिज मिश्रण २, मीठ १. दूध पाजणाऱ्या शेळीला २५० ते ३०० ग्रॅम, शेवटच्या दीड महिन्याच्या गाभणीला २०० ते २५० ग्रॅम. पोटातल्या करडाची निम्म्याहून जास्त वाढ या दीड महिन्यातच होते. भाकड शेळीला खुराकाची गरज नाही, तिला पाला पुरतो. फळवण्याच्या आधी दोन-तीन आठवडे मात्र २५० ग्रॅम सुरू करा, जुळ्यांचं प्रमाण वाढतं. माज साधारण २१ दिवसांनी येतो आणि एक ते दीड दिवस टिकतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी बोकड दाखवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

वर जी ९ करडं म्हटली, ती जन्मल्यावर पहिल्या चार दिवसांत आणि पहिल्या चार महिन्यांत वाचतात किंवा जातात.

शेळी जोराच्या कळा देत असेल आणि अर्ध्या-पाऊण तासात पाय-नाक दिसलं नाही, तर ओढाताण करू नका, डॉक्टरांना बोलवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. करडू बाहेर आलं की नाक-तोंड पुसा. नाळ दोन इंचांवर बांधून कापा आणि ते टोक टिंक्चर आयोडीनच्या लहान बाटलीत पूर्ण बुडवा. कापसाने नुसतं टिपून भागत नाही. पहिल्या अर्ध्या तासात चीक पोटात गेला पाहिजे. अडीच किलोच्या करडाला पहिल्या २४ तासांत वजनाच्या दहा टक्के, म्हणजे २५० मिली, चार-पाच वेळा विभागून. आधी सडातून दोन धारा जमिनीवर काढा, तोंडाशी मेणासारखी गुठळी असते ती निघून जाते. करडू सडाला लागलं म्हणजे प्यालं असं समजू नका, त्याच्या पोटाला हात लावून पाहा. आणि तोंडात बोट घाला: जीभ गार लागली तर ते करडू दूध चोखणार नाही. अशा करडाला आधी ऊब द्यायची, बल्बखाली किंवा कोमट पाण्याच्या बाटल्यांमध्ये गुंडाळून. अंग तापल्यावरच चीक द्या. गार करडाच्या घशात जबरदस्तीने दूध ओतलं की ते श्वासनलिकेत जातं. निफाडकडची डिसेंबर-जानेवारीची थंडी सगळ्यांना ठाऊक आहे, सिन्नरलाही ती कमी नसते. तेव्हा त्या दोन महिन्यांत वेतं येणार नाहीत अशा बेताने बोकड सोडा. वार ६ ते ८ तासांत पडते. १२ तास उलटले तर डॉक्टर, हाताने ओढणं नाही.

पंधरा दिवसांनंतर करडांना कोवळा पाला आणि मूठभर भरडा वेगळ्या कप्प्यात ठेवा, जिथे मोठी शेळी शिरणार नाही. महिना ते चार महिने या वयात रक्ती हगवण येते, ओल्या जागेतून. कप्पा कोरडा ठेवा, आठवड्याला चुना भुरभुरा. भांडी उंचावर बांधा म्हणजे लेंडी त्यात पडत नाही. तीन महिन्यांनी करडं आईच्या दुधावरून तोडा. तोपर्यंत ती ९-१० किलोंची झाली पाहिजेत. ७ किलोंवर अडकली असतील तर आईला दूध कमी पडतंय किंवा पोटात जंत आहेत.

लसीकरणात वेळ सांभाळायची. आंत्रविषार पावसाळ्यापूर्वी, मेमध्ये, पहिल्या वेळी दोन मात्रा १५ दिवसांच्या अंतराने. पहिल्या पावसानंतरचं कोवळं गवत खाऊन धडधाकट, सर्वांत खादाड करडू सकाळी पाय झाडत मेलेलं सापडतं, ते याच रोगाने. पीपीआर चार महिन्यांवरील सगळ्यांना, ती तीन वर्षं पुरते. लाळ्या-खुरकूत वर्षातून दोनदा, घटसर्प पावसाळ्याच्या तोंडावर. दोन लसींत १५ ते २१ दिवस अंतर ठेवा. लस दवाखान्यातून बर्फातच आणा. दुचाकीच्या डिकीत तापलेली लस टोचली काय आणि न टोचली काय, सारखंच.

जंतनाशक पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळा संपताना एकदा सगळ्यांना, मधल्या काळात पापणी पांढरी पडलेल्या किंवा जबड्याखाली पाणी उतरलेल्या शेळ्यांनाच. सगळ्यांना दर महिन्याला पाजत राहिलं की जंत औषधाला दाद देईनासे होतात. अंदाजाने कमी मात्रा देणं त्याहून वाईट, म्हणून वजन करून पाजा. गाभण शेळीला पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नका.

आता विक्री. गावात खाटीक किंवा दलाल उक्त्यात भाव करतो, बाजारात रुमालाखाली बोटं धरून. तुमच्याकडे वजनकाटा नसेल तर अंदाज नेहमी त्याचाच खरा ठरतो. शंभर किलोचा टांगता काटा घ्या, एका बोकडात पैसे वसूल होतात. कातडी, मुंडी, पाय, वजरी सोडून मटण जिवंत वजनाच्या ४५ ते ५० टक्के निघतं. ३० किलोच्या बोकडाचं १४ किलो धरा. बाजारातला किरकोळ मटणाचा भाव गुणिले १४, त्यात मुंडी-पाय-कलेजीचे वेगळे पैसे मिळवा, आणि खाटकाची मजुरी व त्याचा नफा वजा करा. जिवंत बोकडाला किती मागायचं ते कळतं. सकाळी उपाशीपोटी तोलायचं, गाडीतून नेताना वजन ५ टक्क्यांच्या आसपास उतरतं हेही धरायचं. मटणाचा बोकड आठ-नऊ महिन्यांत २०-२२ किलोला काढा. त्यानंतर खाल्लेल्या चाऱ्याच्या मानाने वजन चढत नाही.

ईदचा माल वेगळा. कुर्बानीला एक वर्ष पूर्ण झालेला, धडधाकट बोकड लागतो आणि गिऱ्हाईक दोन दात पाहून घेतं. शिंग मोडलेला, कान फाटलेला, लंगडा, एका डोळ्याने अधू चालत नाही. म्हणून ओळखीचा बिल्ला कानात मारताना कान फाटू देऊ नका आणि हे बोकड एकमेकांशी टक्कर घेणार नाहीत असे वेगळे बांधा. ईद दरवर्षी १० ते ११ दिवस अलीकडे येते: २०२४ ला १७ जून, २०२५ ला ७ जून. २०२८ ची मेच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास येईल, चंद्रदर्शनाप्रमाणे एखादा दिवस इकडे-तिकडे. त्यातून १४-१५ महिने मागे जा: करडं फेब्रुवारी-मार्च २०२७ मध्ये जन्मली पाहिजेत, म्हणजे शेळ्या सप्टेंबर-ऑक्टोबर २०२६ मध्ये फळल्या पाहिजेत. थंडी सरलेली असते, हेही जुळतं. शेवटच्या तीन महिन्यांत बोकडाला चढवण्यासाठी लोक मका आणि गव्हाचा कोंडा भरभरून घालतात आणि ऐन ईदच्या तोंडावर लघवी तुंबून चाळीस हजारांचा बोकड जातो. धान्य-कोंड्यात स्फुरद जास्त, चुना कमी, त्यातून खडे होतात. खुराकात १ टक्का खाद्य प्रतीचा चुना (कॅल्शियम कार्बोनेट, शेडमध्ये भुरभुरायचा चुना नव्हे), मीठ नेहमीसारखं, लसूणघास रोज, आणि पाणी सदैव समोर. बोकड शेपटी हलवत कळ देतोय आणि थेंब थेंब लघवी होतेय असं दिसलं तर वाट पाहू नका.

अनुदानाचं विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण एजंट तुम्हाला गाठतीलच. राष्ट्रीय पशुधन अभियानातलं ५० टक्के अनुदान किमान १०० शेळ्या आणि ५ बोकडांपासून सुरू होतं, तुमच्या २० च्या गटाला ते लागू नाही. विमा मात्र काढा. बिल्ला पडला तर त्याच दिवशी कळवा, बिल्ल्याशिवाय दावा मंजूर होत नाही.

आणि मेंढ्या. लोकरीचं उत्पन्न शून्य धरा. आपली दख्खनी मेंढी काळी, जाड, केसाळ लोकर देते, वर्षातून दोन कातरण्या मिळून अर्धा किलो ते सहाशे ग्रॅम. ती घोंगडीच्या कामाची. त्यातही किंमत जावळाला, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीच्या मऊ लोकरीला. घोंगडी विणणारे सनगर कमी होत चालले आणि जाड लोकरीला गिऱ्हाईक उरलं नाही, त्यामुळे बहुतेक ठिकाणी कातरणीची मजुरीही निघत नाही. तरीही कातरावं लागतं, कारण दाट लोकरीत गोचीड वाढतात आणि जखमेत आसाडी (अळ्या) पडतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळा ओसरल्यावर, आदल्या दिवशी धुऊन, पूर्ण वाळल्यावर, ताडपत्रीवर कातरा. ओली लोकर पोत्यात कुजते.

मेंढपाळाचं पोट कोकरांवर आणि खतावर चालतं. रात्री शेतात मेंढ्या बसवल्या की शेतकरी पैसे किंवा धान्य देतो, आणि त्यासाठी कळप फिरता लागतो. दहा मेंढ्या गोठ्यात बांधून यातलं काहीच साधत नाही, शिवाय मेंढीला बहुतेक एकच कोकरू होतं. त्या जागेत चार शेळ्या जास्त ठेवा. लेंडीखत द्राक्षबागवाल्यांना गोणीवर विकता येतं, ते शेळीचंही तेवढंच चालतं.

हौस म्हणून दोन-तीन मेंढ्या ठेवणारच असाल, तर त्यांना गाई-म्हशींचं खनिज मिश्रण देऊ नका, त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठत जातं. पोत्यावर मेंढ्यांसाठी असं छापलेलं असेल तेच घ्या. खूर धुवायला मोरचुदाच्या पाण्याऐवजी १० टक्के झिंक सल्फेट वापरा, म्हणजे मेंढी ते चाटली तरी तांब्याची भीती राहत नाही.